झारी आणि सुतकातले डास

मित्रांनो, माझ्या पोटात दहा लिटर पाणी मावते. मान लांब, कान एकच आणि अंगावर चार पोचे. मी जस्ती पत्र्याची एक जुनी झारी आहे. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावात, चार मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर बेरेंड आजोबांच्या घरी मी राहते. वय पन्नाशीच्या पुढे गेले आहे. पण माझ्याइतके मानाचे आयुष्य फार थोड्या झाऱ्यांच्या वाट्याला आले असेल, असे मी छाती फुगवून सांगते.

मला घडवणारा कारागीर अबोल होता. त्याने पत्रा वाकवला, सांधा कथलाने जोडला आणि काठोकाठ पाणी भरून मला एका कोऱ्या फळीवर ठेवले. संध्याकाळी उचलून पाहिले तर फळी कोरडीच होती. "टिकेल," एवढेच तो म्हणाला. ती माझी पहिली शाबासकी.

बेरेंड आजोबा तेव्हा तरुण होते आणि गावातल्या कालव्यावरचा पूल उचलण्याच्या नोकरीला नुकतेच लागले होते. होडी आली की घंटा वाजवायची, सायकलवाल्यांना थांबवायचे आणि पूल वर करायचा. पुलाशेजारी त्यांची लहानशी खोली होती. तिच्या खिडकीत त्यांनी लाल जिरेनियम लावले आणि त्यांना पाणी घालायला मला विकत आणले. पूल खाली येईपर्यंत थांबलेले लोक आमची फुले बघत. एके वर्षी गावच्या वर्तमानपत्रात खिडकीचा फोटो छापून आला. त्यात एका कोपऱ्यात माझी मान दिसत होती.

पुढे असे पूल दूरच्या एका खोलीत बसून, कॅमेऱ्यात बघून उचलता येऊ लागले. आजोबा निवृत्त झाले आणि मला घेऊन घरी आले. काही वर्षांनी त्यांना मोठे आजारपण आले. जालीम औषधांनी आजार हटला, पण पायांतल्या नसा दुखावल्या. आधी मुंग्या, मग सुया, मग निखाऱ्यांवर उभे राहिल्यासारखी आग. झोप पार उडाली. मग ते दर उन्हाळ्यात गांजाची तीन-चार झाडे लावू लागले. त्यांच्या बोंडांचे तेल काढून रोज दोन-तीन थेंब घेत. त्यांच्या डॉक्टरीणबाईंना हे ठाऊक होते आणि किती घ्यायचे ते त्याच सांगत. मित्रांनो, हे झाड मुलांसाठी नाही आणि मौजेसाठीही मी त्याची गोष्ट सांगत नाही. दुखऱ्या पायांचा एक म्हातारा माणूस ते लावत होता, आणि त्याला पाणी मी घालत होते, म्हणून सांगते.

दोन हजार वीसच्या मार्चमध्ये सगळे बंद झाले. आजोबांसारख्यांनी तर दारही उघडू नये, असे टीव्हीवर सांगत होते. आजोबांनी स्वयंपाकघराच्या खिडकीत पाच कुंड्यांत पाच बिया लावल्या. घरात दुसरे काही करण्यासारखे नव्हते, म्हणून ते सकाळी मला उचलत, दुपारी उचलत आणि चहाच्या वेळी पुन्हा उचलत. मला काय अभिमान वाटे! सगळे गाव थांबले होते, पण माझे काम तिप्पट झाले होते. मी म्हणे, मी नसते तर या पाच पिल्लांचे काय झाले असते?

एप्रिलमध्ये कुंड्यांवर चिलटे उडू लागली. बारीक, काळी, अशक्त पंखांची. उडतानाही दमल्यासारखी. मग रोपे पिवळी पडली आणि त्यांनी माना टाकल्या. आजोबांना वाटले, बिचारी तहानली आहेत. त्यांनी मला अजून एकदा भरले. दोन दिवसांत एक रोप बुडापासून कोसळले, चौथ्या दिवशी दुसरे.

त्याच सुमारास मंजूषा आमच्या आयुष्यात आली. ती शेजारच्याच घरात राहत होती. आमच्या इमारतीत सगळ्या घरांपुढून एकच लांब व्हरांडा जातो, त्यामुळे येताजाता ती दिसत असे, पण "हॅलो"पलीकडे बोलणे नव्हते. महामारी सुरू झाल्यावर तिने दाराखालून चिठ्ठी सरकवली, "सामान आणून देऊ का?" तेव्हापासून दर मंगळवारी ती आजोबांचे दूध, पाव आणि चीज दाराच्या मुठीला अडकवून, घंटी वाजवून दीड मीटर मागे उभी राहत असे.

त्या मंगळवारी तिची नजर खिडकीकडे गेली.

"बेरेंड, ही अंबाडी आहे का?"

"काय आहे का?"

"अंबाडी! आमच्याकडची आंबट पालेभाजी. पानं अगदी अशीच असतात. ज्वारीच्या कण्या आणि लसणाची फोडणी घालून..." तिच्या तोंडाला पाणी सुटलेले मला दिसत होते.

आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या दिवसांत खोकल्याचा आवाज ऐकला की माणसे दचकत. मंजूषा नकळत एक पाऊल मागे सरकली. मग आजोबांनी हळूच झाडाचे नाव सांगितले आणि पायांचेही सांगितले.

मंजूषा थोडी लाजली. पण ती निघून गेली नाही. काचेवर बसलेल्या एका चिलटाकडे ती बारकाईने बघत होती.

"ही किती दिवसांपासून आहेत?"

"तीन आठवडे. आम्ही त्यांना राउमुख म्हणतो."

"म्हणजे?"

"सुतकातला डास. काळे कपडे घालून आल्यासारखा दिसतो ना, म्हणून."

"नाव बरोबर आहे," मंजूषा म्हणाली. "पण सुतक तोच आणतो. उडणारी काही करत नाहीत. त्यांच्या अळ्या ओल्या मातीत असतात आणि कोवळी मुळं खातात. पाणी किती वेळा घालता?"

"तीन-चारदा. चांगली काळजी घेतो मी!"

"तीन-चारदा? आठवड्यातून ना?"

"रोज."

मंजूषाने कपाळाला हात लावला. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ही झारी आजपासून बंद."

मित्रांनो, मला व्हरांड्यात खिडकीखाली उपडी ठेवण्यात आले. अर्ध्या शतकाच्या नोकरीत माझ्यावर अशी वेळ आली नव्हती. पोटात कोळ्याने जाळे विणले. येणारेजाणारे मला ठेचकाळत. पण पोट रिकामे असले की विचार करायला वेळ मिळतो. त्या पाचांतली दोन पिल्ले तहानेने नव्हे, माझ्या पाण्याने गेली, हे मला तिथे उमगले. ते गिळणे फार जड गेले.

व्हरांड्यात असल्यामुळे शेजारच्या घरातले बोलणेही माझ्या कानी येई. मंजूषाचा नवरा हेमचंद्र पुण्याचा. इथल्या एका कंपनीत संगणकाचे काम करणारा. आता तो स्वयंपाकघराच्या टेबलावरूनच ऑफिस करत होता. स्वभावाने भला, पण नियमांना फार भिणारा.

"गांजा, मंजू? गांजा?" तो आवाज दाबून म्हणत होता. "ऑक्टोबरमध्ये आपलं परमिट रिन्यू व्हायचंय. काही लफडं झालं म्हणजे?"

"लफडं कसलं? म्हाताऱ्या माणसाच्या तीन कुंड्या आहेत."

"मी वाचलंय सगळं. पाच झाडांपर्यंत पोलीस सहसा काणाडोळा करतात. पण परवानगी आहे असं नाही."

"मला झाडांशी देणंघेणं नाही, हेम. मला त्या अळ्या दिसतायत. तू रोज आठ तास तुझं काम करतोस. माझं काम दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या समोर आलंय."

तेव्हा मला कळले. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून मंजूषाने कीटकशास्त्राची एमएस्सी केली होती. जुन्नरकडच्या हरितगृहांमध्ये जरबेराच्या फुलांवरची कीड ओळखण्याचे काम ती पाच वर्षे करत होती. शेतकरी तिला 'मॅडम' म्हणून फोन करत. इथे आल्यावर सगळ्यांसाठी ती 'हेमचंद्रची बायको' झाली. तिने सत्तावीस अर्ज केले होते. काहींची उत्तरे आली, तीही नकाराची.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग हेमचंद्र म्हणाला, "बरं. झाडं त्यांची, कुंड्या त्यांच्या, खिडकी त्यांची. पानाला हात लावायचा नाही. तू फक्त माश्या मार."

आणि दोघेही हसत सुटली. कारण त्याच आठवड्यात मंजूषाच्या आईने फोनवर "दिवसभर करतेस तरी काय?" असे विचारले होते, आणि तिने "माश्या मारते," असेच उत्तर दिले होते.

काम सुरू झाले. मंजूषा व्हरांड्यात उभी राहून उघड्या खिडकीतून हात घाली. आजोबा स्वयंपाकघराच्या पार दुसऱ्या टोकाला खुर्चीत बसत. तिने कुंड्यांत पिवळे चिकट सापळे खोचले. पिवळा रंग दिसला की चिलटे तिकडे धावतात आणि चिकटतात. मातीवर बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी चकती उलटली तर खाली काळ्या डोक्याच्या, काचेसारख्या अळ्या वळवळत होत्या. "या बघा, मुळं सोडून बटाट्याला आल्या," असे म्हणताना तिचा चेहरा सण असल्यासारखा फुलला होता. मातीवर तिने कोरड्या वाळूचा बोटभर थर दिला. चिलटांची संख्या ती रोज एका वहीत टिपून ठेवी. पहिल्या दिवशी एकशे अठरा. आठवड्याने चौऱ्याहत्तर. नंतर एकतीस.

आणि मग एके दिवशी शहाण्णव.

मंजूषाला कारण कळेना. तिने सापळे बदलले, वाळू बदलली, वही पुन्हा वाचली. मला मात्र कारण ठाऊक होते. रोज दुपारी आतून पाण्याचा बारीक आवाज येत असे. पाणी घालण्याचा आवाज मी ओळखणार नाही तर कोण? आजोबा कॉफीच्या कपाने चोरून पाणी घालत होते. मला ओरडून सांगावेसे वाटे, पण झारीला तोंड असले तरी वाचा नसते.

शेवटी मंजूषाने वाळूत बोट खुपसले. खाली चिखल होता.

"बेरेंड, तुम्ही पाणी घातलंत." ती चिडली नव्हती. तिला लागले होते. "दोन आठवड्यांची मेहनत गेली. माझ्यावर विश्वास नव्हता तर तसं सांगायचं."

आजोबा खुर्चीत मान खाली घालून बसले.

"विश्वास आहे," ते म्हणाले. "पण दिवस संपत नाही, मंजूषा. मुलगी ब्रेडाला आहे, ती येऊ शकत नाही. दिवसभर मला कुणी काही मागत नाही. ही तीन रोपं तरी मागतात असं मला वाटायचं. नाही म्हणवेना."

मंजूषा खिडकीच्या चौकटीला टेकून उभी राहिली. दोन वर्षे रिकाम्या हातांनी बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

"तुम्ही पूल उचलायचात ना?" थोड्या वेळाने ती म्हणाली.

"पस्तीस वर्षं."

"मग आता कुंडी उचला. रोज सकाळी, तिन्ही, एकेक करून. जड लागली तर परत ठेवायची. हलकी लागली तर मला हाक मारायची. माझ्यापेक्षा तुमच्या हातांना वजन चांगलं कळेल."

दुसऱ्या दिवसापासून आजोबा सकाळी दाढी करून, स्वच्छ सदरा घालून कुंड्या उचलू लागले. "एक जड, दोन जड, तीन मध्यम!" असे ते खिडकीतून मोठ्याने सांगत आणि मंजूषा वहीत लिहून घेई. चहाच्या वेळी दोघे आपापल्या दारात खुर्ची टाकून बसू लागले. कधी कधी हेमचंद्रही मीटिंग संपवून बाहेर येई. कुंड्यांकडे मात्र तो पाठ करून बसे.

मे महिन्यात टपालाने एक चपटे पाकीट आले आणि आजोबांच्या फ्रिजमध्ये चीजशेजारी जाऊन बसले. त्यात पन्नास लाख सूत्रकृमी होते. डोळ्यांना न दिसणारे, मातीत शिरून चिलटांच्या अळ्या खाणारे जिवंत किडे. ते पाण्यात कालवून मातीत सोडायचे असतात.

"प्लॅस्टिकची बाटली घेऊ?" आजोबांनी विचारले.

"नको," मंजूषा म्हणाली. "झारी कुठे आहे?"

मित्रांनो, तो दिवस मी कधी विसरणार नाही. तिने मला सुलटे केले, कोळ्याचे जाळे काढले, तीनदा विसळले. माझ्या तोंडावरची बारीक भोकांची चाळणी तिने काढून ठेवली, कारण तिच्यात ते किडे अडकले असते. मग कोमट पाणी आणि ती पन्नास लाखांची फौज माझ्या पोटात आली. खिडकीतून तिन्ही कुंड्यांवर तिने मला हळूहळू वाकवले. ज्या मानेतून मी रोपांना बुडवले होते, त्याच मानेतून आज मी त्यांचे रक्षक नेत होते. थेंबही वाया जाऊ दिला नाही. त्या महिन्याच्या अखेरीस वहीत आकडा होता चार.

पण लढाई तिथे संपली नाही. जून महिन्यात झाडे मागच्या बाल्कनीत गेली आणि कंबरेएवढी झाली. ऑगस्टच्या वादळाने सगळ्यांत उंच झाडाची फांदी मोडली. मंजूषाने शेजारच्या आपल्या बाल्कनीतून वाकून ती मापाच्या पट्टीला बांधून दिली, तेव्हा पानाला हात लागलाच. सप्टेंबरमध्ये आठ दिवस झड लागली आणि त्याच झाडाच्या बोंडांत करड्या बुरशीने घर केले. आजोबा ते झाड वाचवू पाहत होते. "काढा," मंजूषा म्हणाली. "एकासाठी दोघांना घालवू नका." आजोबांनी ते स्वतःच्या हातांनी उपटले आणि पिशवीत बांधले.

पाचांतली दोन झाडे ऑक्टोबरपर्यंत टिकली. तेल निघाले ते एक लहान बाटली. त्याने पाय बरे झाले नाहीत, पण आग कमी झाली. नोव्हेंबरमधल्या एका सकाळी आजोबांनी मंजूषाला सांगितले, "काल सलग पाच तास झोपलो." तिने वही उघडली आणि चिलटांच्या रकान्याशेजारी लिहिले, 'पाच तास.'

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये मंजूषाने अठ्ठाविसावा अर्ज केला. वेस्टलँडमध्ये, डेल्फ्टपासून सायकलने जाता येईल इतक्या अंतरावर, जरबेराची मोठी काचघरे आहेत. तिथे झाडांवरची कीड रोज तपासणारे माणूस हवे होते. मुलाखत व्हिडिओवर होती. घरी हेमचंद्रची मीटिंग चालू असल्यामुळे ती आजोबांच्या स्वयंपाकघरात बसली. आजोबांना लस मिळाली होती, तरी ते खुर्ची घेऊन व्हरांड्यात गेले. मी खिडकीत होते, म्हणून सगळे ऐकले.

"भारतातला अनुभव चांगला आहे," पडद्यावरची बाई म्हणाली. "पण गेल्या तीन वर्षांत काही केलंय का?"

मंजूषाने वही कॅमेऱ्यासमोर धरली. रोजची संख्या, बटाट्याच्या चकत्या, सूत्रकृमींची तारीख, शहाण्णवचा आकडा आणि त्याचे कारणही.

"छान नोंदी आहेत. पीक कोणतं होतं?"

हेमचंद्रने मंजूषाला 'टोमॅटो सांग' असे बजावले होते. तिने एकदा खिडकीबाहेर, आजोबांच्या पाठीकडे पाहिले.

"गांजा," ती म्हणाली. "माझ्या शेजाऱ्यांची तीन झाडं. त्यांचे पाय दुखतात."

पडद्यावरची बाई पुढे वाकून वही पुन्हा वाचू लागली. माझा पत्रा थंड पडला. मग ती बाई हसली. "राउमुख पीक विचारून येत नाहीत," ती म्हणाली. "चूक कुठे झाली तेही तुम्ही लिहिलंय. ते फार थोडे लोक लिहितात. सोमवारी काचघर बघायला याल?"

मे महिन्यापासून मंजूषा सकाळी सातला सायकलवर निघू लागली. गळ्यात भिंग, पाठीवर डबा. काचघरातले लोक तिला आता तिच्या नावाने हाक मारतात.

मी म्हातारी झाले. पुढच्या उन्हाळ्यात कारागिराने जोडलेला सांधा सुटला आणि माझ्या तळातून पाणी ठिबकू लागले. आजोबांच्या मुलीने नवी हिरवी प्लॅस्टिकची झारी आणली. माझी रवानगी भंगारात होणार, असे मी धरून चालले होते. तेव्हा हेमचंद्र दोन वर्षांनी पुण्याला जाऊन आला होता. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तो आमच्या दारात उभा राहिला. खिशातून त्याने एम-सीलचे पाकीट काढले.

"आमच्याकडे गळकी टाकी याच्यानंच बुजवतात," तो आजोबांना म्हणाला. "द्या ती झारी."

तो पहिल्यांदाच आत आला. कुंड्यांच्या अगदी शेजारी जमिनीवर मांडी घालून बसला, दोन रंगांचा गोळा मळून एक केला आणि अंगठ्याने माझ्या तळाशी दाबून बसवला. कामात इतका गुंगला होता की झाडाचे एक पान त्याच्या कानाला लागत होते, ते त्याला कळलेही नाही. माझ्या तळाला त्याच्या अंगठ्याचा ठसा आहे. अजून थेंब गळलेला नाही.

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. तुमच्या घरी झाड असेल, म्हातारे माणूस असेल, किंवा दूर देशातून आलेले कुणी शेजारी असेल, तर त्याच्यावर आपली माया घाईघाईने ओतू नका. मीही मायेनेच ओतत होते. आधी जवळ जा, बघा, विचारा की तुला काय हवे आहे. कधी पाणी हवे असते, कधी कोरडी वाळू, कधी नुसते कुणीतरी काम सांगायला हवे असते. ते कळले की मग खुशाल मला उचला. भरून तयार आहे मी.